रविवार मिळवून देणारा स्टोअरकीपर

रविवार म्हणजे आपल्यासाठी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद आणि मधल्या वेळेत जमेल तेवढी झोप! पण मुंबईच्या गिरणी कामगाराला हा रविवार कोणी सहज दिला नव्हता. साहेबांच्या ऑफिसांना तो आधीपासून होता, गिरणीतल्या माणसाला मात्र मागून, भांडून घ्यावा लागला. ज्यांनी तो मिळवून दिला त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात कधी आलंच नाही. इंडस्ट्रियल सेफ्टीचा विषय शिकताना मात्र मला हा माणूस फार जवळचा वाटायला लागला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबलं. रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्या करत ते मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. मला वाटतं, ही नोकरी त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची आहे. तुटलेल्या पट्ट्याची, झिजलेल्या गिअरची नोंद स्टोअरच्या वहीत होते. तुटलेल्या बोटाची नोंद कुठल्या वहीत व्हायची?

त्या वेळची गिरणी डोळ्यांसमोर आणा. वाफेचं एक मोठं इंजिन, त्यावर फिरणारे लांबच लांब शाफ्ट आणि शाफ्टवरून प्रत्येक यंत्राकडे धावणारे पट्टे. धोतराचा सोगा किंवा बाही त्यात सापडली की संपलंच! विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, तर पाळीही मोठी, तेरा-चौदा तासांची. दमलेला माणूस आणि उघडा पट्टा... अपघाताला आणखी काय लागतं?

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. धोकादायक यंत्राला कुंपण घाला, सात वर्षांखालचं मूल कामाला लावू नका, चालू यंत्र मुलांकडून साफ करून घेऊ नका, असं त्यात होतं. पण मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नाही.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवलं. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगारांची संघटना उभी केली. त्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या अगदी साध्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास ठरलेले, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि पाचवी मागणी: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचं अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय.

या पाचव्या मागणीवर मी अडकलो. तोपर्यंत अपघाताचा खर्च कामगाराच्या घरी जायचा. मालकाच्या हिशेबात तो शून्य, कारण गेटवर बदली कामगार उभाच! मग पट्ट्याला जाळी कशाला बसवायची? लोखंड्यांनी हा खर्च मालकाच्या वहीत टाकायला सांगितलं. एकदा तो तिथे आला की जाळी स्वस्त पडते, हे गणित आपल्यालाही कळतं.

मालक सहजी ऐकणारे नव्हते. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या. अखेर १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती आली. भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडलं.

ते बघायला लोखंडे नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत असताना ते रोग्यांच्या सेवेत राहिले आणि त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वय पन्नासही नाही. २००५ मध्ये त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं.

आता आपल्याकडे या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव... आपल्यातले निम्मे तरी तिथल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये जाणार. ट्रेनिंगच्या वेळी एका शॉपमध्ये मी पॉवर प्रेस बघितला. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून त्याला दोन बटणं असतात. त्यातलं एक दाबून पट्टीने बांधलेलं होतं, कारण काय, तर प्रॉडक्शन वाढतं! तासाला चार नग जास्त निघतीलही. पण एकदा हात सापडला की मशीन बंद, डाय खराब, ऑर्डर लेट, भरपाई, कोर्टाच्या फेऱ्या आणि शिकलेला हात कायमचा गेला. चार नगांतून हे कधी भरून निघायचं?

उद्या आपल्यापैकी कोणी शॉपचा इनचार्ज होईल, कोणी स्वतःचं युनिट काढेल. प्रॉडक्शनच्या नोंदी आपण ठेवूच. त्याच वहीत गार्ड कधी काढला, कोणी काढला आणि परत कधी बसवला, यासाठी एक रकाना आखून ठेवू या. स्टोअरकीपर लोखंड्यांना तो नक्कीच आवडला असता.