हातांचं ऐकणारे फादर : आबे द लेपे

तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी श्रवणयंत्र हा विषय घेतला तेव्हा डोक्यात एवढंच होतं की मायक्रोफोन, फिल्टर, अँप्लिफायर आणि शेवटी कॉक्लिअर इम्प्लांट अशा चार-सहा स्लाइड्स केल्या की काम भागेल. प्रस्तावनेत थोडा इतिहास हवा म्हणून लायब्ररीत बसले आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये अडकले ती अडकलेच. सेमिनार झाला, मार्कही बरे पडले. पण ज्या माणसाने मला अडकवलं त्याच्या वाट्याला फक्त एक स्लाइड आली. उरलेलं इथे लिहिते आहे. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

शार्ल-मिशेल द लेपे यांचा जन्म १७१२ साली व्हर्सायला झाला. राजवाड्यांचं गाव, खाऊनपिऊन सुखी घर. मुलाला मात्र धर्मगुरू व्हायचं होतं. त्या काळी फ्रान्सच्या चर्चमध्ये जान्सेन नावाच्या धर्मपंडिताच्या मतांवरून मोठा वाद चालू होता. ही मतं चूक आहेत अशा कागदावर सही केल्याशिवाय दीक्षा मिळत नसे. लेपेंनी सही केली नाही. दीक्षा अडली. मग ते कायदा शिकले, वकील झाले. पुढे एका मोकळ्या मनाच्या बिशपने त्यांना दीक्षा दिली, पण तो बिशप गेल्यावर चर्चचे दरवाजे पुन्हा बंद झाल्यासारखेच झाले. फ्रान्समध्ये अशा धर्मगुरूंना आबे म्हणतात, आपल्याकडे फादर म्हणतो तसं. तर वयाच्या पन्नाशीला टेकलेले हे आबे, हाताशी थोडं वडिलोपार्जित उत्पन्न आणि करायला विशेष काही नाही, अशा अवस्थेत पॅरिसमध्ये राहत होते.

साधारण १७६०च्या सुमाराची गोष्ट. काही कामानिमित्त ते एका घरी गेले. आई बाहेर गेलेली होती आणि दोन मुली शिवण घेऊन बसलेल्या. आबेंनी काही विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मान वर नाही. त्यांना वाटलं, काय या मुली! आई परत आली तेव्हा कळलं की दोघी जुळ्या बहिणी जन्मापासून कर्णबधिर आहेत. त्यांना चित्रं दाखवून शिकवणारे एक फादर होते, ते नुकतेच वारले होते आणि शिकवणं तिथेच थांबलं होतं. आबेंच्या मनात पहिला विचार आला तो धर्माचाच, की या मुली देवाबद्दल काही न कळता मरणार. कारण काही असो, त्यांनी ते काम अंगावर घेतलं.

आता इथे त्यांचं वेगळेपण बघा. त्याआधीही युरोपात कर्णबधिरांचे शिक्षक होते. पण ते बहुतेक श्रीमंतांच्या मुलांना शिकवत, तोंडाने बोलायला लावण्यावर भर देत आणि आपली पद्धत गुपित ठेवत. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा खटाटोप रिसीव्हर दुरुस्त करण्याचा. आबेंनी चॅनलच बदलला. कान बंद आहेत ना, मग डोळे उघडे आहेत. अर्थ आवाजातूनच गेला पाहिजे असं कुठे आहे? मुलं आपसांत हाताने बोलतात, ते त्यांनी शिकून घेतलं आणि त्यावर फ्रेंच व्याकरणाच्या खुणा चढवल्या. काळ, लिंग, उपपदं, प्रत्येकाला एकेक खूण.

म्युलँ रस्त्यावरच्या त्यांच्या राहत्या घरात शाळा भरू लागली. फी नाही. गरिबाची मुलं आधी. १७७०नंतर ते लोकांसमोर वर्ग घेऊ लागले आणि १७७६ साली त्यांनी आपली पद्धत चक्क पुस्तक लिहून जाहीर केली. ज्याला शिकायचं त्याने यावं आणि शिकून जावं. १७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ त्यांचा वर्ग बघायला आला आणि दोन वर्षांत व्हिएन्नाला तशी शाळा निघाली. लाइपझिगचा हाइनिके नावाचा शिक्षक तोंडी बोलण्याचाच आग्रह धरणारा. त्याच्याशी आबेंचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. म्हातारपणी एका कडक हिवाळ्यात मुलांसाठी पैसा वाचावा म्हणून त्यांनी स्वतःच्या खोलीत शेकोटी पेटवणं बंद केलं होतं, आणि मुलांनीच रडून ती पेटवायला लावली, अशी गोष्ट सांगतात.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर हा एका थोर पुरुषाचा नेहमीचा निबंध झाला असता. पण मला अडकवलं ते पुढच्या प्रकरणाने.

१७७३च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या उत्तरेला पेरोन गावाकडच्या रस्त्यावर अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. अंगावर चिंध्या, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याला बिसेत्रला पाठवलं. बिसेत्र म्हणजे इस्पितळ, तुरुंग आणि अनाथालय सगळं एकाच आवारात. तिथून आजारपणात तो ओतेल-दिय या पॅरिसच्या मोठ्या इस्पितळात आला. संस्थेने त्याला अन्न दिलं, अंथरूण दिलं. पण तू कोण, कुठला, हे दोन वर्षांत कुणी विचारू शकलं नाही, कारण विचारायची भाषाच कुणाकडे नव्हती. तो वाईट वागणाऱ्या लोकांत पडला होता असंही नाही. सगळं होतं, फक्त संवाद नव्हता.

आबे इस्पितळात गेले तेव्हा त्यांना हा मुलगा दिसला. त्यांनी त्याला आपल्याकडे आणलं, जोसेफ म्हणू लागले आणि खुणा शिकवल्या. हळूहळू मुलगा सांगू लागला. मोठं घर होतं, बाग होती. कुणीतरी घोड्यावरून लांब नेलं आणि सोडून दिलं. आबेंची खात्री पटली की हा कुणा उमरावाचा मुलगा आहे आणि वारसाहक्कासाठी त्याला टाकून दिलंय. चौकशी सुरू झाली आणि धागा दक्षिणेत तुलूझच्या सोलार घराण्यापर्यंत पोचला. त्या घरचा कर्णबधिर मुलगा १७७३ सालीच कायद्याच्या एका तरुण विद्यार्थ्याबरोबर परगावी गेला होता आणि तिकडेच देवीच्या आजाराने वारल्याचं कळवण्यात आलं होतं. झालं! त्या विद्यार्थ्याला, काझो त्याचं नाव, बेड्या घालून पॅरिसच्या तुरुंगात आणलं. काही लोकांनी जोसेफला सोलारचा मुलगा म्हणून ओळखलं, काहींनी साफ नाही म्हटलं. १७८१ साली कोर्टाने जोसेफच काउंट सोलार असा निकाल दिला आणि काझोला निर्दोष सोडलं. अपील झालं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. जोसेफ रस्त्यावर सापडला ऑगस्टमध्ये, आणि सोलारच्या मुलाला लोकांनी त्यानंतरही तुलूझमध्ये पाहिलं होतं. १७९२ साली दुसऱ्या कोर्टाने निकाल फिरवला आणि जोसेफचं नाव काढून घेतलं. तोपर्यंत आबे जाऊन तीन वर्षं झाली होती. जोसेफ सैन्यात भरती झाला आणि लवकरच मेला. तो खरा कुणाचा कोण, हे कायमचं राहून गेलं.

हे वाचल्यावर मला दोन दिवस आबेंचा राग आला होता. मग वाटलं, राग कसला? ते खोटं बोलले नाहीत. मुलाच्या हातांतून आलेला अर्थ त्यांनी मनापासून वाचला. फक्त वाचणारे, शिकवणारे, सांभाळणारे आणि बाजू लढवणारे तेच. जिथे सिग्नल एकाच रिसीव्हरकडे जातो आणि त्या रिसीव्हरला आधीच काहीतरी ऐकायचं असतं, तिथे एरर पकडणार कोण? आणि पॅरिसमध्ये दुसरे वाचणारे नव्हते असं नाही. १७७९ साली पिएर देलोज नावाच्या कर्णबधिर बुकबाइंडरने पुस्तक लिहून सांगितलं होतं की शहरातल्या कर्णबधिरांची स्वतःची खुणांची भाषा आहे आणि ती कुणा शिक्षकाने दिलेली नाही. खटल्याचा डोलारा मात्र मुख्यतः आबेंच्या वाचनावर उभा राहिला.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. गीता नावाने ओळखली गेलेली आपली एक कर्णबधिर मुलगी लहानपणी पाकिस्तानात पोचली. कराचीच्या एधी फाउंडेशनने तिला सांभाळलं, नाव दिलं. २०१५ साली ती भारतात आली तेव्हा बिहारच्या एका कुटुंबाला ती आपली वाटली, पण डीएनए जुळला नाही. पुढे इंदूरला खुणांची भाषा जाणणाऱ्यांनी तिच्या आठवणींतून नदी, देऊळ, स्टेशन असे धागे पकडले आणि शोध मराठवाड्यात, परभणीकडे आला. तिथे तिची आई सापडल्याचं २०२१ साली जाहीर झालं. जोसेफला जे मिळालं नाही ते तिला मिळालं, पण किती वर्षांनी!

आपल्याकडे सापडलेलं मूल बालकल्याण समितीसमोर जातं. २०१२च्या पोक्सो कायद्यात अशा मुलाचं म्हणणं समजून घ्यायला दुभाषा किंवा विशेष शिक्षक घेण्याची सोय आहे. कागदावर वाट आहे. मला वाटतं, दुभाषा पहिल्याच दिवशी हवा. तो मुलाला सांभाळणाऱ्यांपैकी नसावा. आणि जमलं तर बरोबर मोठी कर्णबधिर व्यक्तीही असावी, कारण ज्या मुलाला शाळाच मिळाली नाही त्याच्या घरगुती खुणा तिला आपल्यापेक्षा चांगल्या कळतात.

आबे द लेपे २३ डिसेंबर १७८९ रोजी, राज्यक्रांतीच्या वर्षी, वारले. १७९१ साली क्रांतिकारकांच्या संसदेने त्यांची शाळा सरकारची केली. तिथे शिकलेला लोराँ क्लेर १८१६ साली अमेरिकेला गेला आणि पुढच्याच वर्षी हार्टफर्डची शाळा सुरू झाली. १८८० साली मिलानला शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करायचं ठरवलं आणि पुढची कित्येक वर्षं मुलांना हात बांधून बसावं लागलं, तरी ती भाषा मेली नाही.

सेमिनारच्या शेवटी सरांनी विचारलं होतं, यंत्राची मर्यादा काय? मी बॅटरी आणि नॉइज असं सांगून खाली बसले. आज विचारलं तर सांगेन, सर, रस्त्यावर सापडलेल्या पोराच्या कानात यंत्र नसतंच. तिथे समोर बसून हातांचं ऐकणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाने बरोबर ऐकलं का हे बघणारं आणखी एक.

– टी. ई. (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)