डोंबिवली स्टेशन आणि सतरा अंकी संख्या

भिवंडीकरांना डोंबिवली परकी नाही. मध्ये फक्त उल्हासची खाडी. या स्टेशनाचे नाव गणिताच्या पुस्तकांत गेले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते नेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी.

कापरेकरांचा जन्म 1905 साली डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडिलांना ज्योतिषाचा नाद. त्यातली आकडेमोड मुलाच्या अंगी भिनली. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. 1930 पासून 1962 पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवले.

डोंबिवलीला सुचलेल्या कल्पनेला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. डेम्लो हे या स्टेशनाचे जुने नाव, असे ते सांगत. 11 चा वर्ग 121, तर 111 चा 12321. असे करत नऊ वेळा 1 लिहून वर्ग केला की येते 12345678987654321. आकडे चढत नऊपर्यंत जातात आणि तसेच उतरतात. कारण साधे आहे. गुणाकार मांडला की प्रत्येक रकान्यात एकाची भर पडत जाते आणि नऊपर्यंत हातचा येत नाही. दहा वेळा 1 घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि ही रांग मोडते.

या सतरा अंकांची बेरीज 81 आणि 81 ने या संख्येला निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते. 1949 साली त्यांनी 6174 या संख्येचा गुणधर्म मांडला. आज ती 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या मास्तरांचे हे काम अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटले. कापरेकरांनी ते मनाला लावून घेतले नाही. स्वखर्चाने परिषदांना जात राहिले. 1966 मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या धरल्या. निवृत्ती, वैधव्यासारखेच पुरुषाचे एकटेपण, पैशाची चणचण: म्हातारपणी माणूस खचतो तो याच तीन गोष्टींनी. त्यांची वही मात्र मिटली नाही. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाने दखल घेतली. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. 1986 मध्ये ते गेले.

आकड्यांनी त्यांची गरिबी हटवली नाही. पण दर सकाळी उठून करण्याजोगे काहीतरी त्यांच्यापाशी होते. घरातल्या आजोबांच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात; त्यांच्या हाती असे काही आहे का, हेही एकदा पाहावे. नसेल तर नातवंडाला शेजारी बसवून, जुन्या बिलाच्या मागे 111 गुणिले 111 मांडायला हरकत नाही.