विश्लेषण : लहान सहकारी संस्था एकत्र कराव्यात का? वैकुंठभाई मेहता यांनी १९६० मध्ये काय सुचवले?

बँक किंवा पतसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन होणार, अशी बातमी आली की सभासदांचा पहिला प्रश्न असतो, आपल्या ठेवीचे काय? पिंपरी-चिंचवडमधील कामगारांच्या पतपेढ्या असोत की चाकण परिसरातील विकास सोसायट्या, संस्था किती मोठी असावी हा वाद जुनाच आहे. त्यावर स्पष्ट उत्तर देणाऱ्या वैकुंठभाई मेहता यांचे नाव पुण्याच्या विद्यापीठ रस्त्यावरील ‘वॅमनिकॉम’ या सहकार प्रशिक्षण संस्थेला आहे. ते नेमके कोण होते?

वैकुंठभाई मेहता कोण?

जन्म १८९१ चा, भावनगरचा. वडील लल्लूभाई सामळदास आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मुंबईत बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली. गावोगावच्या सोसायट्यांना कर्जासाठी पैसा पुरवणे हे तिचे काम. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतलेले वैकुंठभाई पुढच्याच वर्षी तिथे व्यवस्थापक म्हणून रुजू झाले आणि १९४६ पर्यंत त्यांनी हीच बँक सांभाळली. त्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थ आणि सहकार ही खाती आली. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

विलीनीकरणाचा वाद का पेटला?

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत धक्कादायक चित्र समोर आले. ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के होता, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के. लहान सोसायट्यांना पगारी सचिवही परवडत नव्हता. म्हणून अनेक गावे मिळून एक मोठी सोसायटी करावी, अशी शिफारस ए. डी. गोरवाला यांच्या समितीने १९५४ मध्ये केली. त्यानुसार विलीनीकरणे सुरू झाली.

पण नोव्हेंबर १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने उलटी दिशा पकडली आणि गाव हाच सहकाराचा पाया मानला. चार वर्षांत धोरण फिरले. मग सहकारी पतपुरवठ्यावर समिती नेमली गेली. अध्यक्ष होते वैकुंठभाई.

समितीने काय सांगितले?

१९६० च्या अहवालात समितीने मधला मार्ग काढला. शक्यतो एका गावाला एक सोसायटी. तिचा खर्च तिच्याच उत्पन्नातून भागत नसेल, तरच शेजारची गावे जोडायची. त्यालाही मर्यादा होती : सुमारे ३,००० लोकसंख्या, म्हणजे ६०० कुटुंबे आणि मुख्य गावापासून तीन-चार मैलांचे अंतर.

यामागचा हिशेब सरळ आहे. संस्था फार लहान असेल तर ती तोट्यात जाते. फार मोठी झाली तर कर्जदार कोण आणि पैसे कशाला घेतोय, हे सभासदांना कळत नाही. मग नजर ठेवणार कोण?

वैकुंठभाई सरसकट विलीनीकरणाच्या विरोधात मात्र नव्हते. शिखर बँकेची गोष्ट वेगळी होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांनी घडवलेली बँक आणि विदर्भाची बँक एकत्र येऊनच आजची राज्य सहकारी बँक तयार झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या सभासदाने काय लक्षात ठेवावे?

विलीनीकरण दरवेळी जमतेच असे नाही. पुण्याच्या रुपी बँकेच्या विलीनीकरणाची चर्चा अनेक वर्षे चालली, तरी २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी पिंपरीच्या सेवा विकास बँकेचाही परवाना गेला. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते संरक्षण नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १७ नुसार विलीनीकरणाच्या ठरावाला विशेष सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांची संमती लागते. म्हणजे सभेला न जाणाऱ्याचे मत मोजलेच जात नाही. सभेची नोटीस आली तर अहवालातील थकबाकीचा आकडा आधी पाहा आणि सभेला जा.