बसता येत नव्हतं, तरी काम थांबलं नाही. बाबा आमटेंनी पाठीच्या दुखण्यावर कशी मात केली?

नंदुरबारमध्ये नर्मदा आंदोलनाचा विषय निघाला की बाबा आमटेंचं नाव येतंच. पण त्या काळात त्यांना खुर्चीत बसताही येत नव्हतं, हे अनेकांना माहीत नसतं.

आजार काय होता?
हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबांना मणक्याचा स्पाँडिलोसिस होता. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच हाती उरलं.

मार्ग कसा काढला?
दुखणं बरं होण्याची वाट न पाहता त्यांनी कामाची पद्धत बदलली. १९८५ मध्ये सत्तरीत ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तरुण सायकलवर, बाबा सोबतच्या वाहनात आडवे. १९९० मध्ये ते साधनाताईंसह बडवानीजवळच्या नर्मदाकाठी, कसरावदला राहायला गेले. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा, धडगाव तालुक्यांतली गावंही होती.

हे बळ कुठलं?
वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये सुरू केलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांना औषधाइतकंच महत्त्व कामाला होतं. बोटं झडलेल्या हातांना जमेल असं काम शोधलं जाई. पुढे स्वतःच्या पाठीसाठीही बाबांनी तेच केलं.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचं निधन झालं.