जोसेफ फूरिये : शिंप्याचा मुलगा आणि पैशाचें कुलूप

फ्रान्स देशांत ओसेर नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील एका शिंप्याच्या घरीं ता. २१ मार्च १७६८ रोजीं जोसेफ फूरिये याचा जन्म झाला. घर मुलाबाळांनीं भरलेलें, मिळकत तोकडी. जोसेफ नऊ वर्षांचा असतां आई वारली व लवकरच वडिलांचेंही छत्र हरपलें. ह्या पोरक्या मुलास गांवच्या लष्करी शाळेंत जागा मिळाली. ती शाळा बेनेडिक्टाइन पंथाचे संन्यासी चालवीत. तेथें त्याला गणिताची अशी गोडी लागली कीं, दिवस पुरेना. जळून उरलेलीं मेणबत्त्यांचीं टोकें जमवून, सर्व निजल्यावर तो त्यांच्या उजेडांत उदाहरणें सोडवीत बसे, असें सांगतात. पुढें तोफखान्यांत शिरण्याची त्याची इच्छा होती. परंतु कुलीन घराण्यांतला नसल्यामुळें तें दार त्याला उघडलें नाहीं. मग कांहीं काळ मठांत राहून तो परतला आणि आपल्याच जुन्या शाळेंत शिक्षक झाला. आम्हां शिक्षकांस त्याच्या चरित्रांतील हा भाग विशेष आवडतो, हें कबूल केलें पाहिजे.

इतक्यांत १७८९ सालची राज्यक्रांति झाली. फूरिये तींत सामील झाला आणि १७९४ सालीं तींतूनच तुरुंगांत पडला. त्या दिवसांत तुरुंगांतून पुष्कळांची वाट थेट वधस्तंभाकडेच जाई. रोबेस्पिएरची सत्ता कोसळली म्हणून याचें शीर धडावर राहिलें. १७९८ सालीं नेपोलियनबरोबर तो इजिप्तांत गेला व कैरो येथील विद्वत्सभेचा चिटणीस झाला. परत आल्यावर, १८०२ सालीं, नेपोलियनानें त्यास ग्रनोब्ल येथें प्रांताधिकारी नेमलें. तेथें त्यानें मोठमोठ्या दलदली कोरड्या करविल्या आणि आल्प्स पर्वतांतून रस्ता काढविला. दिवसभर कचेरीचें काम संपवून उरलेल्या वेळांत तो एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करी : लोखंडाच्या कांबीचें एक टोंक तापविलें असतां उष्णता दुसऱ्या टोंकाकडे कशी पसरते?

त्याचें उत्तर असें. भजनांत मृदंग, टाळ व पेटी हीं एकदम वाजत असतां सगळा मिळून एकच नाद कानीं येतो. पण तयार कान त्यांतील प्रत्येक वाद्य वेगळें ओळखतो. त्याचप्रमाणें कितीही वेडीवांकडी रेषा घेतली तरी ती पुनः पुनः येणाऱ्या साध्या लाटांची बेरीज असते, व त्या लाटा निवडून काढतां येतात, असें फूरियेनें मांडलें. हा निबंध १८०७ च्या अखेरीस पॅरिस येथील विद्वानांपुढें गेला. परीक्षकांतील लाग्रांज यास तो मुळींच पटला नाहीं. पुढें १८१२ सालीं त्याच कार्यास बक्षीस मिळालें, पण पुरावा अपुरा असल्याचा शेराही बरोबर आला. (शेरा अगदींच चुकीचा नव्हता; ती उणीव पुढील गणितज्ञांनीं भरून काढली.) अखेर १८२२ सालीं उष्णतेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सालीं, ग्रनोब्ल येथें फूरियेच्या ओळखींत वाढलेल्या शांपोल्यों यानें इजिप्तची चित्रलिपि उलगडली. ता. १६ मे १८३० रोजीं फूरिये पॅरिसमध्यें निवर्तला.

आतां ह्या मृत गृहस्थाचा आणि आजच्या पैशाचा संबंध काय? शेलूबाजारच्या पेठेंत वावरणाऱ्या पालकांपैकीं कित्येकांच्या कानांवर बिटकॉइन हें नांव आलें असेल. हें आभासी चलन २००९ सालीं सुरू झालें. त्यास ना सरकारची मोहोर, ना टांकसाळ. मालकीची खूण म्हणजे एक प्रचंड गुप्त अंक. त्यावरून एक जाहीर अंक काढतात. गुप्तावरून जाहीर काढणें क्षणाचें काम. पण जाहीरावरून गुप्त शोधूं गेल्यास आजचीं मोठीं संगणकयंत्रें युगानुयुगें चाललीं तरी पुरीं पडणार नाहींत. साऱ्या तिजोरीचें कुलूप तें हेंच.

१९९४ साली अमेरिकेतील पीटर शोर या गणितज्ञानें दाखवून दिलें कीं, अणुसृष्टीच्या नियमांवर चालणारें क्वांटम संगणकयंत्र पुरेसें मोठें झालें तर हें कुलूप उघडेल. अशा गणितांत अंक ठराविक पावलांनीं, घड्याळाच्या कांट्याप्रमाणें, फिरून मूळ जागीं येतात. तो फेरा किती पावलांचा हें कळलें कीं गुप्त अंक हातीं आला. आणि तो फेरा हुडकण्याचें साधन म्हणजे फूरियेचीच ती लाटा निवडण्याची युक्ति. कांबीच्या उष्णतेसाठीं घडविलेली किल्ली चोराच्याही हातीं बसावी, ही गोष्ट त्याच्या स्वप्नींही नसेल.

एवढें मोठें यंत्र हें लिहीपर्यंत कोणी उभारलेलें नाहीं. तथापि अमेरिकेच्या मानक संस्थेनें २०२४ सालच्या ऑगस्टांत नव्या प्रकारच्या कुलुपांचे पहिले नमुने जाहीर केले, आणि भारत सरकारनें २०२३ सालीं क्वांटम विद्येसाठीं ६,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची योजना मंजूर केली. कुलुपें बदलतां येतील. पण तीं बदलण्यास जुनी किल्ली धन्याजवळ असली पाहिजे. अगदीं आरंभींच्या पुष्कळ बिटकॉइनांचे जाहीर अंक सर्वांसमोर उघडे पडले आहेत, आणि त्यांपैकीं ज्यांचे मालक किल्ली हरवून बसले किंवा ती कोणास न सांगतां मरण पावले, त्यांचें धन नव्या कुलुपांत हलविणारें कोणी नाहीं.