विश्लेषण : मोने, रेन्वार यांच्यासाठी कर्जबाजारी झालेले पॉल द्युरां-रुएल कोण होते?

१८८६ च्या वसंतात पॅरिसहून ४३ खोक्यांत भरलेली सुमारे ३०० चित्रे बोटीने न्यूयॉर्कला निघाली. ती नेणारे गृहस्थ ५४ वर्षांचे, विधुर आणि पाच मुलांचे वडील होते. डोक्यावर दहा लाख फ्रँकहून जास्त कर्ज होते. खोक्यांत क्लोद मोने, ऑग्युस्त रेन्वार, एद्गार देगा, कामिय पिसारो, एदुआर माने यांची चित्रे होती. आज यांतले एखादे चित्र लिलावात आले की त्याची बातमी होते. त्या वेळी पॅरिसमध्ये त्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हते. पॉल द्युरां-रुएल यांच्यासाठी ही अमेरिकावारी म्हणजे शेवटचा डाव होता.

(मोने आणि माने या दोन वेगळ्या व्यक्ती. दोन्ही नावे मराठी आडनावांसारखी असल्याने आपल्याकडे गोंधळ थोडा जास्तच होतो.)

चित्रे विकण्याच्या धंद्यात कसे आले?

इच्छेने नव्हे. जन्म ३१ ऑक्टोबर १८३१, पॅरिस. आई-वडिलांचे कागद आणि रंगसाहित्याचे दुकान होते. चित्रकार उधारीवर रंग नेत आणि पैसे नसले की चित्र ठेवून जात. अशी चित्रे साठत गेली आणि दुकानाची गॅलरी झाली. पॉल कट्टर कॅथलिक होते. त्यांना मिशनरी नाहीतर लष्करी अधिकारी व्हायचे होते. सेंट-सीर या लष्करी अकादमीत त्यांची निवडही झाली होती, पण प्रकृतीने साथ दिली नाही. मग ते वडिलांना मदत करू लागले आणि १८६५ मध्ये वडील गेल्यावर गॅलरी त्यांच्याकडे आली.

सुरुवातीला त्यांनी कोरो, मिये, थिओदोर रूसो या निसर्गचित्रकारांची चित्रे मोठ्या संख्येने विकत घेतली. त्यांच्या धंद्याची पद्धत तेव्हाच ठरली: एखाद्या चित्रकारावर विश्वास बसला की एक-दोन चित्रे घ्यायची नाहीत, ढीगच उचलायचा.

मोने यांची भेट कुठे झाली?

लंडनमध्ये, आणि तीही युद्धामुळे. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटले तेव्हा द्युरां-रुएल यांनी चित्रांचा साठा लंडनला हलवला आणि न्यू बाँड स्ट्रीटवर गॅलरी उघडली. मोने आणि पिसारो हेही युद्ध टाळून लंडनला आले होते. ज्येष्ठ चित्रकार दोबिन्यी यांनी मोने यांची ओळख करून दिली आणि पुढे पिसारोही भेटले. द्युरां-रुएल यांनी दोघांची चित्रे लगेच घ्यायला सुरुवात केली.

पॅरिसला परतल्यावर जानेवारी १८७२ मध्ये त्यांना एका चित्रकाराच्या स्टुडिओत माने यांची दोन चित्रे दिसली. त्यांनी ती घेतली आणि मग थेट माने यांचा स्टुडिओ गाठून तिथली २३ चित्रे ३५ हजार फ्रँकना उचलली. माने यांच्या चित्रांची तोवर टिंगलच जास्त झाली होती. या खरेदीच्या जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर १८७१ मध्ये, द्युरां-रुएल यांची पत्नी एव्हा तिशीतच वारली होती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

त्यांनी नेमके काय वेगळे केले?

तेव्हा फ्रान्समध्ये चित्रकाराचे भवितव्य ‘सालों’ या सरकारी वार्षिक प्रदर्शनात ठरे. परीक्षकांनी चित्र नाकारले की विक्री जवळजवळ बंद. विक्रेते होते, पण ते नाव झालेल्यांचीच चित्रे ठेवत. द्युरां-रुएल यांनी सालोंला वळसा घातला. चित्रकाराचे जवळपास सगळे काम आपणच घ्यायचे आणि बदल्यात त्याला नियमित उचल द्यायची. घरभाडे, शिंप्याचे बिल, रंगवाल्याची उधारी, सगळे गॅलरीतून भागे. आजच्या गॅलऱ्या ज्याला विशेष करार म्हणतात, त्याची ही पहिली ठळक रूपे.

दुसरी गोष्ट एकाच चित्रकाराच्या प्रदर्शनाची. १८८३ मध्ये त्यांनी बुदँ, मोने, रेन्वार, पिसारो आणि सिस्ले यांची ओळीने स्वतंत्र प्रदर्शने भरवली. तिसरी जरा अवघड गोष्ट: आपल्या चित्रकाराचे चित्र लिलावात पडेल भावात जाऊ लागले, तर स्वतः बोली लावून ते परत घ्यायचे. यात भाव राखला जातो, पण पैसा आपलाच अडकतो. शिवाय बाजारात दिसणारी किंमत खरी मागणी दाखवते की विक्रेत्याची जिद्द, हे बाहेरच्याला कळत नाही. कलाबाजारावर आजही घेतला जाणारा हा आक्षेप त्यांच्यापासून चालत आला आहे. फरक इतकाच की त्यांनी हा खेळ स्वतःचे घर पणाला लावून केला.

घर तर त्यांनी अक्षरशः दुकानाला जोडले. पॅरिसच्या र्यू द रोममधील त्यांच्या निवासस्थानी ठरावीक दिवशी कुणालाही चित्रे पाहायला येता येई. दिवाणखान्याच्या दारांवरची फुलाफळांची चित्रे मोने यांनी रंगवली होती. असली चित्रे भिंतीवर लावून राहता येते, हे गिऱ्हाइकाला दाखवण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता.

मग दिवाळे का वाजत होते?

कारण चित्रे विकत घेण्याचा वेग विक्रीपेक्षा कितीतरी जास्त होता आणि मधली तफावत कर्जाने भरली जात होती. १८७३ च्या आर्थिक मंदीत सावकारांनी हात आखडला. १८७४ मध्ये द्युरां-रुएल यांना नव्या चित्रांची खरेदी थांबवावी लागली आणि जुना साठा तोट्यात विकावा लागला. त्यांच्या भरवशावर बसलेल्या चित्रकारांची अवस्था बिकट झाली. त्याच वर्षी या मंडळींनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन भरवले. एका समीक्षकाने मोने यांच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रावरून खिल्ली उडवली आणि त्यातून त्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटले. मराठीत आपण त्यांना दृक्‌प्रत्ययवादी म्हणतो. १८७५ मध्ये त्यांच्या चित्रांचा लिलाव झाला तेव्हा इतका गोंधळ उडाला की पोलीस बोलवावे लागले. १८७६ चे दुसरे प्रदर्शन द्युरां-रुएल यांच्या गॅलरीत झाले. वृत्तपत्रांनी तेही झोडपले.

१८८० च्या सुमारास दिवस पालटल्यासारखे वाटले. युनियन जनराल या कॅथलिक बँकेतील ज्यूल फेदर यांनी त्यांना भांडवल दिले आणि खरेदी पुन्हा सुरू झाली. जानेवारी १८८२ मध्ये ही बँकच कोसळली. फेदर यांचे पैसे परत करण्याची वेळ आली. पुढच्या दोन वर्षांत कर्ज दहा लाख फ्रँकच्या पुढे गेले.

या काळात चित्रकारही वैतागले. विक्रेत्याला माल दिला, पण पैसे हप्त्या-हप्त्याने येतात. दुसऱ्याला विकावा तर याचे उपकार आड येतात. मोने यांनी प्रतिस्पर्धी जॉर्ज पती यांच्याकडे चित्रे मांडायला सुरुवात केली. आपली चित्रे अमेरिकेला जाणार हेही त्यांना पसंत नव्हते. एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहण्याचा धोका त्यांनी ओळखला होता, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

राजकारणात ते कुठे होते?

इथे हा माणूस कोड्यात टाकतो. द्युरां-रुएल राजेशाहीवादी आणि चर्चनिष्ठ होते. ड्रेफस प्रकरणात ते ड्रेफसविरोधी गटात होते. ज्यू सैनिकी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप लादणाऱ्या त्या प्रकरणात ही बाजू घेणे, हा त्यांच्या चरित्रातला डाग आहे. तरीही पिसारो हे ज्यू आणि अराजकतावादी, तर कूर्बे हे पॅरिस कम्यूनमध्ये भाग घेतल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले. दोघांचीही चित्रे त्यांनी घेतली. चित्रासमोर ते राजकारण विसरत, एवढे खरे. माणसांच्या बाबतीत तसे नेहमी झाले नाही.

त्यांच्या नजरेलाही मर्यादा होत्या. सेझान यांच्यात त्यांना फारसा रस नव्हता, तो मान आंब्रुआझ व्होलार यांनी घेतला. देगा यांच्या आग्रहावरून १८९३ मध्ये त्यांनी गोगँ यांच्या ताहितीतील चित्रांचे प्रदर्शन भरवले, पण पुढे त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत.

अमेरिकेत काय झाले?

न्यूयॉर्कच्या अमेरिकन आर्ट असोसिएशनने त्यांना बोलावले होते. अमेरिकेत परदेशी चित्रांवर ३० टक्के आयातकर होता, पण असोसिएशनला शैक्षणिक संस्थेचा दर्जा असल्याने प्रदर्शनासाठी आलेल्या चित्रांना तो लागला नाही. फक्त विकल्या गेलेल्या चित्रांवर भरावा लागला. लोक आले आणि समीक्षकांनीही पॅरिसपेक्षा सबुरीने लिहिले. प्रदर्शनाची मुदत वाढवून ते नॅशनल अकादमी ऑफ डिझाइनमध्ये हलवावे लागले. स्थानिक विक्रेते अस्वस्थ झाले. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात विक्रीवरच बंधन आले. त्यावर द्युरां-रुएल यांनी सरळ उपाय केला: न्यूयॉर्कमध्ये स्वतःची गॅलरी उघडली आणि ती मुलांच्या हाती दिली. त्यांतले चार्ल्स १८९२ मध्ये तरुणपणीच वारले. पुढे जोसेफ आणि जॉर्ज यांनी धंदा सांभाळला.

अमेरिकी चित्रकार मेरी कसॅट यांची इथे मोठी मदत झाली. त्यांच्या सल्ल्याने लुईझिन हॅवमायर आणि त्यांचे साखरसम्राट पती हेन्री खरेदी करू लागले. शिकागोच्या बर्था पामर यांनीही मोने आणि रेन्वार घेतले. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट इथल्या इम्प्रेशनिस्ट दालनांची श्रीमंती याच खरेदीतून आली. मे १८९१ मध्ये मोने यांची गवताच्या गंजींची चित्रे पॅरिसच्या गॅलरीत लागली आणि ती बघता बघता विकली गेली. साठीत पोहोचल्यावर द्युरां-रुएल कर्जातून बाहेर पडू लागले.

लंडनने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. १९०५ मध्ये ग्राफ्टन गॅलरीत त्यांनी ३१५ चित्रे मांडली. गर्दी झाली, विक्री जवळजवळ नाहीच. मोने यांना पहिल्यांदा जिथे भेटले, त्याच शहरात हे झाले.

५ फेब्रुवारी १९२२ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरच्या सुमारे तीस वर्षांत त्यांनी जवळपास १२ हजार चित्रे विकत घेतली होती. त्यांत हजारावर मोने आणि सुमारे दीड हजार रेन्वार होते. १८८१ मध्ये त्यांनी रेन्वार यांच्याकडून घेतलेले ‘लंचन ऑफ द बोटिंग पार्टी’ हे चित्र त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, १९२३ मध्ये, मुलांनी वॉशिंग्टनच्या डंकन फिलिप्स यांना विकले. किंमत होती १ लाख २५ हजार डॉलर.