शाख्तीचा एकांडा शिलेदार

धावपटूला उलटा वारा आणि फलंदाजाला खराब खेळपट्टी अशी सबब सांगता येते. भारोत्तोलकाला ती सोय नाही. परवा सहज उचललेली वजने आज छातीपर्यंतही येत नाहीत आणि महिनोन् महिने घाम गाळूनही अर्धा किलो पुढे सरकता येत नाही, अशी अवस्था या खेळातील बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. तिथेच अनेकांची कारकीर्द संपते. तब्बल ८० विश्वविक्रम नावावर असलेले सोव्हिएत भारोत्तोलक वासिली अलेक्सेयेव यांच्या आयुष्यात ही वेळ दोनदा आली. पहिल्या वेळी त्यांनी तिच्यावर मात केली आणि जग जिंकले. दुसऱ्या वेळी त्याच मार्गाने जाऊनही साऱ्या जगासमोर त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

अलेक्सेयेव यांचा जन्म ७ जानेवारी १९४२ रोजी रशियातील र्‍याझान प्रांतातल्या पोक्रोवो-शिश्किनो या खेड्यात झाला. ते अकरा वर्षांचे असताना कुटुंबाने उत्तरेकडील अर्खांगेल्स्क प्रांतात, रोचेग्दा या लाकूडतोड्यांच्या वस्तीत बिऱ्हाड हलवले. ओंडके ओढण्याचे आणि रचण्याचे काम मुलांनाही चुकत नसे. व्यायामशाळा नव्हती, लोखंडी वजने नव्हती. सामान वाहण्याच्या गाडीचा आस हेच तिथल्या पोरांचे बारबेल. तो आस डोक्यावर उचलण्याच्या एका पैजेत हार पत्करावी लागल्याने वासिली इरेला पेटले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे अर्खांगेल्स्कच्या वनविद्या संस्थेत शिकत असताना ते व्हॉलीबॉलही उत्तम खेळत. दीडशे किलोच्या अलेक्सेयेव यांची छायाचित्रे पाहिलेल्यांना हे खरे वाटणार नाही! १९६२ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव ऑलिंपियादा. ऑलिम्पिकने त्यांच्या घरात असा आधीच प्रवेश केला होता.

१९६६ च्या सुमारास ते दक्षिणेकडील रोस्तोव प्रांतातील शाख्ती या शहरात आले. शाख्ती या शब्दाचा अर्थच मुळी खाणी. कोळशाच्या या गावाला भारोत्तोलनाची पंढरी बनवले होते ते रुडॉल्फ प्ल्युकफेल्डर यांनी. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी सुवर्णपदक जिंकणारा हा माजी खाणकामगार प्रशिक्षक म्हणूनही तितकाच कडक होता. अलेक्सेयेव त्यांच्याकडे सराव करू लागले, पण दोघांचे फार काळ जमले नाही. प्रत्येक गोष्टीचे कारण विचारणारा शिष्य आणि शिस्तीत तडजोड न करणारा गुरू यांच्यात ठिणगी उडणारच होती. १९६८ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्याच काळात पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि वाढत चाललेली वजने एकदम थांबली. जड वजनांचा नाद सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. वय पंचविशी ओलांडलेले, घरात दोन लहान मुले, पाठीशी प्रशिक्षक नाही आणि राष्ट्रीय संघात स्थान पक्के नाही. अशा वेळी खेळ सोडून त्यांनी खाणीतील अभियंत्याची नोकरी धरली असती तर कोणी नावे ठेवली नसती.

त्यांनी केले ते त्या काळच्या रूढ प्रशिक्षणाला धरून नव्हते. दुखऱ्या पाठीला विश्रांती देत बसण्यापेक्षा तिलाच सर्वांत बळकट करायचे त्यांनी ठरवले. जिम्नॅस्टिक्सच्या घोड्यावर पालथे पडायचे, पाय भिंतीच्या शिडीत अडकवायचे आणि मानेवर वजन घेऊन धड वर उचलायचे, हा व्यायाम त्यांच्या सरावाचा कणा झाला. नेहमीच्या प्रकारांमध्ये त्यांनी कमी वजने आणि अधिक आवर्तने असा मार्ग धरला. आपली कमाल मर्यादा सरावात रोज आजमावण्याची सवय त्यांनी सोडून दिली. सरावाचे ठिकाणही ठरलेले नसे. कधी घराचे अंगण, तर कधी चक्क नदीचे पात्र. पाण्यात उभे राहून बारबेल उचलताना वजनाचा झटका पाठीला कमी बसतो आणि स्नायूंना काम मात्र पुरेपूर मिळते, हा त्यामागचा हिशेब. आज दुखापतीनंतरच्या उपचारांत पाण्यातील व्यायाम सर्रास दिले जातात. त्या वेळी मात्र शाख्तीचे लोक या माणसाकडे विक्षिप्त म्हणूनच पाहत असावेत.

अलेक्सेयेव यांच्या पद्धतीला कागदावरचा आराखडा नव्हता. आज शरीर काय सांगते यावर आजचा सराव ठरे. त्यामुळे कुंठित झालेल्या खेळाडूला सतावणारी एक गोष्ट त्यांनी टाळली. ठरलेला आकडा आज गाठलाच पाहिजे, या हट्टापायी रोज हरण्याची पाळी त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही.

या साधनेचे फळ जानेवारी १९७० मध्ये वेलिकिये लुकी येथे मिळाले. २८ वर्षांच्या, परदेशात फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या या भारोत्तोलकाने प्रेस, क्लीन अँड जर्क आणि एकूण वजन या तिन्हींत विश्वविक्रम केले. दोनच महिन्यांत मिन्स्क येथे त्यांनी तीन प्रकारांत मिळून ६०० किलोंचा टप्पा गाठला. असा पराक्रम करणारे ते पहिलेच. त्याच वर्षी अमेरिकेतील कोलंबस येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये २२७.५ किलो, म्हणजे ५०० पौंडांहून अधिक वजन डोक्यावर नेले. तेही प्रथमच घडत होते.

पुढची सात-आठ वर्षे सर्वांत वजनदार गटात त्यांना हरवणारा कोणी उरला नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये एकूण ६४० किलोंसह सुवर्ण. प्रेस हा प्रकार स्पर्धेतून रद्द झाल्यावर १९७६ मध्ये माँट्रियल येथे १८५ आणि २५५ अशा ४४० किलोंसह पुन्हा सुवर्ण. १९७० ते १९७७ अशी सलग आठ वर्षे जगज्जेतेपद त्यांच्याकडे राहिले. विक्रम अर्ध्या अर्ध्या किलोने वाढवण्याच्या त्यांच्या सवयीवर टीकाही झाली, कारण प्रत्येक विक्रमासाठी सोव्हिएत सरकार रोख बक्षीस देत असे. टीका खोटी नव्हती. पण आपल्या मर्यादेच्या जरा अलीकडेच थांबण्याची शिस्त कण्याच्या दुखापतीनेच त्यांना लावली होती, हेही विसरून चालणार नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेतील गेटिसबर्ग येथील जागतिक स्पर्धेत कमरेजवळ दुखापत झाली आणि विजेतेपदांची मालिका खंडित झाली. दुसरी परीक्षा सुरू झाली होती. अलेक्सेयेव पुन्हा एकांतात गेले. मायदेशी, मॉस्कोत होणाऱ्या ऑलिम्पिकपर्यंतच्या दोन वर्षांत ते मोठ्या स्पर्धांपासून दूरच राहिले. ते काय उचलत आहेत, किती उचलत आहेत, याचा प्रतिस्पर्ध्यांना थांगपत्ता नव्हता. पूर्वी हीच गुप्तता त्यांचे बलस्थान होती. या वेळी मात्र वय ३८ होते, आणि स्पर्धेच्या मंचावर उभे राहण्याचा सराव तुटला होता. तो सराव अंगणात किंवा नदीत करता येत नाही.

३० जुलै १९८० रोजी मॉस्कोत ते मंचावर आले. स्नॅचसाठी त्यांनी सुरुवातीलाच १८० किलो वजन मागितले. चार वर्षांपूर्वी माँट्रियलमध्ये त्यांनी १८५ उचलले होते. आता पहिल्याच प्रयत्नाला १८० मागणे धाडसाचे होते. पहिला प्रयत्न फसला. नियमानुसार वजन कमी करता येत नाही. दुसरा फसला, तिसराही फसला. स्पर्धेतून ते बाद झाले आणि नोंद झाली शून्याची. ज्या प्रेक्षकांनी दशकभर त्यांना डोक्यावर घेतले, त्यांच्यातूनच शिट्ट्या ऐकू आल्या. सुवर्णपदक त्यांचेच सहकारी सुलतान रखमानोव यांनी ४४० किलोंसह जिंकले, त्यामुळे सोव्हिएत संघाचे नुकसान झाले नाही. दहा-पंधरा किलो कमी वजनाने सुरुवात केली असती तर निदान सन्मानाने निरोप घेता आला असता, असे आज म्हणता येते. परंतु कमी वजन मागणारे अलेक्सेयेव त्या दिवशी मॉस्कोत आलेच नसते!

त्यानंतर त्यांनी स्पर्धात्मक खेळ सोडला. दहा वर्षांनी ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा कोणत्याही गुरूचे न ऐकणारा हा माणूस इतरांना काय शिकवणार, अशी शंका साहजिक होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली, विघटित सोव्हिएत संघाच्या संयुक्त चमूने भारोत्तोलनातील दहापैकी पाच सुवर्णपदके मिळवली.

नंतर ते शाख्तीतच राहिले. हृदयविकार बळावल्याने २०११ मध्ये त्यांना उपचारांसाठी जर्मनीत नेण्यात आले. पहिले ऑलिम्पिक सुवर्ण जिथे मिळाले, त्या म्युनिक शहरातच २५ नोव्हेंबर २०११ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दफनासाठी त्यांचे पार्थिव शाख्तीला आणण्यात आले.